वैद्यकविद्येच्या वाटेवरील विद्यार्थी

दरवर्षीं शालान्त परीक्षेचा निकाल लागला, कीं मोरगांव, सुपें, तरडोली, मुर्टी या बाजूचे पालक पेढ्यांचा पुडा घेऊन शाळेंत येतात. कुशल प्रश्न झाल्यावर बहुतेकांच्या तोंडीं एकच वाक्य असतें : "गुरुजी, पोराला डॉक्टर करायचं ठरवलंय, तुम्ही सांगाल तसं." ह्या "तुम्ही सांगाल तसं" मध्यें जो विश्वास भरलेला असतो, त्याचें ओझें शिक्षकास वाटलें पाहिजे. परंतु होतें असें, कीं मुलाचे गुण उत्तम आहेत एवढें पाहून आम्ही "छान, विज्ञानशाखा घ्या" असें सांगून मोकळे होतों. पुढें त्या मुलाचें काय झालें, याची विचारपूस आम्हांपैकीं किती जण करतात? आरोग्यविषयक शिक्षण घेऊं इच्छिणाऱ्या, आणि विशेषतः तें घेत असलेल्या विद्यार्थ्यांस कोणता सल्ला द्यावा, तो कोणीं द्यावा व केव्हां द्यावा, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

हा विषय सुचण्याचें कारण प्रथम सांगितलें पाहिजे, कारण त्यांत आमच्या चुकीची कबुली आहे. कांहीं वर्षांपूर्वीं मोरगांवजवळच्या एका वाडींतील मुलगी आमच्या शाळेंतून पहिल्या क्रमांकानें उत्तीर्ण झाली. घर जिरायती शेतीवर चालणारें. पाऊस पडला तर बाजरी, नाहीं तर वडिलांची मजुरी. घराण्यांत महाविद्यालयाची पायरी चढलेलें कोणी नव्हतें. दुसऱ्या प्रयत्नांत तिला एका वैद्यकीय महाविद्यालयांत प्रवेश मिळाला. शाळेंत सत्कार झाला, हारतुरे झाले, आम्हीं भाषण केलें. त्यानंतर तिला आमच्यापैकीं एकानेंही दोन ओळींचें पत्र लिहिलें नाहीं. नाताळच्या सुटींत ती घरीं आली, ती परत जाण्याचें नांव घेईना. महाविद्यालयाच्या अंतर्गत परीक्षेंत तिला शरीररचनाशास्त्रांत फार थोडे गुण मिळाले होते, आणि ही गोष्ट तिनें आईलासुद्धां सांगितली नव्हती. वडील आम्हांकडे आले. आम्ही घरीं गेलों तेव्हां ती बराच वेळ बोललीच नाहीं, शेवटीं म्हणाली, "सर, तुम्ही सगळ्यांनी मला दारापर्यंत पोहोचवलंत. आत काय असतं, ते कोणीच सांगितलं नाही."

त्या वाक्यास आमच्याजवळ उत्तर नव्हतें. तें उत्तर शोधतांना जें कांहीं शिकलों, तेंच येथें मांडीत आहों.

पहिली गोष्ट मार्ग निवडण्याची. आरोग्यसेवा म्हणजे केवळ डॉक्टर, ही आपली समजूत अपुरी आहे. कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक सकाळ शांतपणें बसून पाहावें. वैद्यकीय अधिकारी रोगी तपासतात. परंतु लस टोचणारी परिचारिका, औषधें मोजून देणारा औषधनिर्माता, रक्त तपासणारा तंत्रज्ञ, घरोघर फिरणारी आशाताई यांच्यावांचून त्यांचें काम अर्ध्यावर थांबेल. ज्या मुलास ह्या क्षेत्रांत जावयाचें आहे, त्यानें प्रथम अशी एक सकाळ पाहावी, असा आमचा आग्रह आहे. रक्त पाहून घेरी येते कीं काय, हें कळण्यासाठीं नव्हे. ती पुढें जाते. पाहावयाचें तें हें, कीं कण्हणाऱ्या, चिडलेल्या, तेंच तेंच पुन्हां विचारणाऱ्या माणसांत दिवसभर राहण्याची आपली तयारी आहे काय.

निरनिराळ्या अभ्यासक्रमांचा काळ ध्यानांत ठेवावा. एम्. बी. बी. एस्. या पदवीस साडेचार वर्षांचा अभ्यास व त्यावर एक वर्ष रुग्णालयांतील उमेदवारी लागते. आयुर्वेदाच्या पदवीस उमेदवारी धरून साडेपांच वर्षें लागतात. परिचर्येची पदवी चार वर्षांची, पदविका तीन वर्षांची, आणि सहायक परिचारिकेचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. औषधनिर्माणशास्त्राची पदवी चार वर्षांत व पदविका दोन वर्षांत मिळते. याशिवाय भौतिकोपचार, प्रयोगशाळा तंत्रज्ञान, क्ष-किरण तंत्रज्ञान इत्यादि शाखा आहेत. ह्या व्यवसायांस शिस्त व मान्यता मिळावी म्हणून २०२१ सालीं संसदेनें स्वतंत्र कायदा केला.

परिचर्येविषयीं दोन शब्द अधिक लिहिणें अवश्य आहे. "मुलीला नर्स करायची नाही" असें पालक अद्यापि तोंडावर सांगतात. मुलाविषयीं तर ही कल्पनाच कोणी करीत नाहीं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीं १८६० सालीं लंडन येथें परिचारिकांची शाळा काढली, तेव्हां तेथेंही ह्या कामास प्रतिष्ठा नव्हती. ती शिक्षणानें व शिस्तीनें मिळाली. आपल्या देशांत हें काम हलकें मानलें जात होतें, त्या काळीं मिशन रुग्णालयांत शिकलेल्या ख्रिस्ती मुलींनीं तें मोठ्या संख्येनें पत्करलें. वेल्लोर येथें डॉ. आयडा स्कडर यांनीं १९०९ सालीं परिचारिकांची शाळा सुरू केली. स्त्रियांसाठीं वैद्यकशाळा निघाली ती त्यानंतर, १९१८ सालीं. आधीं परिचर्या, मग वैद्यक, हा क्रम लक्षांत घेण्याजोगा आहे. रात्रीं दोन वाजतां रोग्याचा श्वास बदलला, हें बहुधा प्रथम परिचारिकेच्या ध्यानांत येतें. हें काम दुय्यम कसें म्हणावें?

दुसरी गोष्ट प्रवेशपरीक्षेची. वैद्यक, दंतवैद्यक व आयुर्वेद यांच्या पदवीसाठीं "नीट" ही अखिल भारतीय परीक्षा द्यावी लागते. २०२५ सालीं तिच्यांत १८० प्रश्न, १८० मिनिटें व ७२० गुण होते. म्हणजे एका प्रश्नास एक मिनिट. पैकीं निम्मे प्रश्न जीवशास्त्राचे, उरलेले पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र यांत समान वांटलेले. बरोबर उत्तरास चार गुण मिळतात व चुकीच्या उत्तरास एक गुण वजा होतो. यावरून दोन बोध घ्यावे. एक, जीवशास्त्र बारावीच्या पुस्तकांतून ओळनओळ वाचल्यावांचून गत्यंतर नाहीं. दुसरा, जें येत नाहीं तें सोडून देण्याचें धैर्य हाही एक अभ्यासच होय. प्रश्नपत्रिका मराठींतही मिळूं शकते, ही गोष्ट आपल्याकडील पुष्कळ मुलांस ठाऊक नसते.

परीक्षा किती वेळां द्यावी, हा अवघड प्रश्न आहे. पहिल्या खेपेस अपयश आल्यास दुसरा प्रयत्न अवश्य करावा. कित्येक चांगले विद्यार्थी दुसऱ्या वेळीं यशस्वी झाले आहेत. परंतु तिसऱ्या प्रयत्नापूर्वीं मुलानें, पालकांनीं व शिक्षकानें एकत्र बसून कागदावर गुण मांडावे. पहिल्या दोन परीक्षांत गुण किती वाढले? वाढ कोणत्या विषयांत झाली? शिकवणीचें शुल्क कोठून आणलें? आणि मुख्य म्हणजे, मुलाची स्वतःची इच्छा काय आहे? गुण वाढले नसतील व कर्ज वाढलें असेल, तर परिचर्या किंवा औषधनिर्माण यांचा मार्ग धरण्यांत पराभव नाहीं. त्या शाखांसाठीं राज्याच्या निराळ्या सामाईक परीक्षा असतात. त्यांचे अर्ज त्याच वर्षीं भरून ठेवावे. एकच दार ठोठावीत बसून बाकीचीं दारें बंद होऊं देणें शहाणपणाचें नव्हे.

तिसरी गोष्ट कागदपत्रांची व पैशाची. ही रुक्ष वाटेल, पण आमच्या भागांत अनेकांचा प्रवेश याच ठिकाणीं अडतो. उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, लागू असल्यास जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र व जातवैधता प्रमाणपत्र यांची तजवीज अकरावींतच सुरू करावी. जातपडताळणीस महिनेच्या महिने लागतात, आणि प्रवेशाची मुदत मात्र थोड्या दिवसांची असते. महाराष्ट्र शासनानें २०२४ सालीं आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांच्या आंत असलेल्या मुलींस व्यावसायिक शिक्षणाचें शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्णपणें माफ केलें. प्रवेश मात्र शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेंतूनच झालेला पाहिजे. "जागा मिळवून देतों" म्हणणारे मध्यस्थ निकालानंतर गांवोगांव फिरतात. जो मनुष्य पावती न देतां पैसे मागतो, त्याला चहासुद्धां पाजूं नये. शासकीय महाविद्यालयासाठीं आतां पुण्यामुंबईकडेच पाहावयास पाहिजे असें नाहीं. बारामती येथेंच २०१९ सालीं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १०० विद्यार्थ्यांनिशीं सुरू झालें.

येथवरचा सल्ला पुष्कळ ठिकाणीं मिळतो. खरी उणीव भासते ती दाराच्या आंत गेल्यावर. एम्. बी. बी. एस्.च्या पहिल्या वर्षीं शरीररचना, शरीरक्रिया व जीवरसायन असे तीन प्रमुख विषय असतात. व्याख्यानांस ७५ टक्के व प्रात्यक्षिकांस ८० टक्के उपस्थिति आवश्यक आहे, आणि पहिलें वर्ष उत्तीर्ण होण्यास चारांहून अधिक संधि मिळत नाहींत. ज्या मुलानें आजवर कधीं दुसरा क्रमांकही पाहिला नाहीं, तो तेथें आपल्यासारख्याच शंभर पहिल्या क्रमांकांच्या मुलांत जाऊन बसतो. त्यांत कोणीतरी शेवटचा येणारच. हें साधें गणित त्याला आधीं कोणीं सांगितलेलें नसतें; म्हणून पहिल्याच परीक्षेंत कमी गुण पडतांच त्यास वाटतें, कीं आपण येथें चुकून आलों.

त्यांतून आपल्या मुलांस दुसरी अडचण भाषेची. बारावीपर्यंत "यकृत", "वृक्क", "जठर" म्हणणाऱ्या मुलावर एका आठवड्यांत शेंकडों ग्रीक व लॅटिन शब्द कोसळतात. परंतु ह्या शब्दांस भिण्याचें कारण नाहीं. ते आपल्या समासांसारखेच जोडलेले असतात. "हेपाट" म्हणजे यकृत व "आयटिस" म्हणजे दाह; म्हणून हेपाटायटिस म्हणजे यकृताचा दाह. "मायो" म्हणजे स्नायु व "कार्ड" म्हणजे हृदय. यावरून मायोकार्डायटिस म्हणजे काय, हें विद्यार्थ्यानें आपलें आपणच सांगावें. "एक्टमी" म्हणजे कापून काढणें. "नेफ्र" म्हणजे वृक्क. तेव्हां नेफ्रेक्टमीचा अर्थ शोधण्यास कोश नको. हाडांचीं नांवें तर रोजच्या वस्तूंवरून पडलेलीं आहेत. गुडघ्याच्या वाटीस पॅटेला म्हणतात. लॅटिन भाषेंत त्याचा अर्थ लहान ताटली. मराठींत वाटी, लॅटिनमध्यें ताटली. पाहणाऱ्याची दृष्टि एकच! गळ्याखालचें क्लॅव्हिकल म्हणजे लहानशी किल्ली, आणि कानांतील कॉक्लिया म्हणजे गोगलगाय. संस्कृतांतील संधि व समास सोडविण्यास शिकलेल्या मुलास असे दोनशें घटक सुटींत पाठ करणें कठीण नाहीं. आमच्या त्या विद्यार्थिनीस आम्हीं तिच्या सुटींत प्रथम हेंच करावयास लाविलें, आणि चौथ्या दिवशीं तिनें आपण होऊन पुस्तक उघडलें.

अभ्यास कसा करावा, हाही नव्यानें शिकण्याचा विषय आहे. तोच पाठ पांच वेळां वाचला कीं येऊं लागला, असें वाटतें. पण तो भास असतो. अमेरिकेंतील रोडिगर व कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनीं २००६ सालीं याची परीक्षा घेतली. कांहीं विद्यार्थ्यांनीं एक उतारा दोनदां वाचला. दुसऱ्यांनीं तो एकदां वाचून मग पुस्तक मिटून आठवेल तें लिहून काढलें. पांच मिनिटांनीं विचारलें तेव्हां दोनदां वाचणारे पुढें होते. परंतु एका आठवड्यानंतर त्यांस ४२ टक्के आठवलें, आणि लिहून काढणाऱ्यांस ५६ टक्के. सबब, वाचून झाल्यावर पुस्तक मिटावें, कोऱ्या कागदावर आकृति काढावी, नांवें लिहावीं, मग पुस्तक उघडून चुका पाहाव्या. तोच भाग दुसऱ्या दिवशीं, चौथ्या दिवशीं व पुन्हां आठवड्यानें आठवून पाहावा. रात्रभर जागून केलेलें पाठांतर परीक्षेच्या दारापर्यंत पुरतें. रोग्याच्या खाटेपर्यंत पुरत नाहीं.

सल्लागार कसा असावा, याचें उदाहरण आपल्याच इतिहासांत आहे. डॉ. आनंदीबाई जोशी यांचें नांव सर्वांस माहीत आहे; त्यांच्या पाठीशीं कोण होतें, हें थोड्यांस माहीत असतें. त्यांचे पति गोपाळराव यांनीं अमेरिकेंतील एका मिशनरी गृहस्थांस लिहिलेलें पत्र तिकडील मासिकांत छापलें गेलें. तें न्यू जर्सीमधील रोझेल गांवच्या कार्पेंटरबाईंच्या वाचनांत आलें. त्यांनीं ह्या अनोळखी मुलीस पत्र घातलें, आणि तीन वर्षें पत्रव्यवहार चालविला. १८८३ सालीं आनंदीबाई समुद्र ओलांडून गेल्या, तेव्हां त्यांस उतरावयास घर होतें व "मावशी" म्हणावयास माणूस होतें. फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रमुख रेचल बॉडली यांनीं त्यांस शिष्यवृत्ति देऊन जवळ केलें. आनंदीबाईंनीं स्वधर्म सोडला नाहीं, आणि त्यामुळें ह्या दोघींच्या मायेंत उणें पडलें नाहीं. आम्हां मिशन शाळांतील शिक्षकांनीं हें मुद्दाम ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. ११ मार्च १८८६ रोजीं त्यांस पदवी मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई हजर होत्या.

परंतु ह्या कथेचा दुसरा भागही विद्यार्थ्यांस सांगितला पाहिजे. परदेशची थंडी व न मानवणारा आहार यांनीं त्यांची आधींच नाजूक असलेली प्रकृति खचली. कोल्हापूरच्या रुग्णालयांत त्यांची नेमणूक झाली होती. पण काम सुरू होण्यापूर्वींच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, क्षयानें पुण्यास त्यांचा अंत झाला. वय बावीसही पुरें नव्हतें. त्या काळीं क्षयावर औषध नव्हतें, आज आहे. तथापि दुसऱ्यांचें आरोग्य शिकतांना आपलें आरोग्य विसरणारे विद्यार्थी आजही वसतिगृहांत आढळतात. जेवण टाळूं नये, झोंप विकूं नये, आणि खोकला पंधरा दिवसांहून अधिक राहिल्यास लपवूं नये.

मनाचें आरोग्यही ह्यांतच आलें. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कार्यदलानें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालांत, पाहणींत भाग घेतलेल्या पदवीपूर्व विद्यार्थ्यांपैकीं चतुर्थांशाहून अधिकांनीं आपणांस मानसिक विकार असल्याचें कळविलें आहे. तेव्हां ज्यास असें कांहीं वाटतें, तो एकटा नाहीं. "वेड लागलं म्हणतील" या भीतीनें गप्प बसूं नये. भारत सरकारनें २०२२ सालीं सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ असा आहे. तेथें विनामूल्य बोलतां येतें. वरच्या वर्गांतील मुलांचा छळ सोसण्याचेंही कारण नाहीं. महाराष्ट्रांत १९९९ पासून रॅगिंगविरुद्ध कायदा आहे. तक्रार करणारा भित्रा नव्हे. ती न करतां दुसऱ्या वर्षीं तोच छळ धाकट्यांवर करणारा मात्र भित्रा खरा.

आतां पालकांस विनंति. मुलाचा दूरध्वनि आला, कीं "परीक्षा कधी? किती मार्क पडले?" हे दोन प्रश्न प्रथम विचारूं नयेत. "जेवलास का? झोप होते का? कोणी मित्र झालाय का?" हे विचारावे. शेत गहाण टाकलें, म्हैस विकली, ही गोष्ट खरी असली तरी ती दर आठवड्यास ऐकविण्याची नाहीं. आमच्या त्या विद्यार्थिनीचे वडील फार शिकलेले नव्हते, पण त्या दिवशीं ते तिला जें म्हणाले, तें आमच्या सगळ्या उपदेशापेक्षां अधिक उपयोगी पडलें : "पोरी, डॉक्टर झालीस तर आनंद आहे. नाही झालीस तर घर काय पळून जाणार आहे का?" ती परत गेली. एका विषयांत नापास झाली, पुरवणी परीक्षेंत उत्तीर्ण झाली. मध्यंतरीं दर रविवारीं तिचें पत्र किंवा दूरध्वनि येत असे, आणि तो न आल्यास आम्ही करीत असूं. आज ती रुग्णसेवा करीत आहे. ह्या यशाचें श्रेय तिचें व तिच्या वडिलांचें आहे. पहिले सहा महिने मात्र आमच्या खातीं नांवें पडले आहेत.

म्हणून आम्हां शिक्षकांनीं एक नियम केला आहे. आरोग्यशिक्षणाच्या कोणत्याही शाखेस, मग ती वैद्यकाची असो वा दोन वर्षांच्या परिचर्येची, येथून जो विद्यार्थी जाईल, त्याच्या नांवापुढें एका शिक्षकाचें नांव लिहावयाचें. त्या शिक्षकानें पहिलें वर्षभर दर महिन्यास त्याची विचारपूस करावयाची. आधीं गेलेल्या विद्यार्थ्यांनीं सुटींत येऊन नव्यांस दोन दिवस शब्द, पुस्तकें व वसतिगृहांतील राहणी समजावून द्यावयाची. यास पैसा लागत नाहीं, आठवण लागते.

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपण रविवारच्या शाळेंत लहानपणापासून ऐकतों. त्यानें जखमीस तेल व द्राक्षारस लावून पट्टी बांधली, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेंत नेलें, हें सर्वांच्या लक्षांत राहतें. परंतु दुसऱ्या दिवशीं निघतांना त्यानें उतारशाळेच्या मालकास पैसे दिले, आणि मी परत येईन तेव्हां उरलेला खर्च भागवीन असेंही सांगितलें, ह्याकडे आमचें फारसें लक्ष जात नसे. दारापर्यंत पोहोचविणें ही मदतीची सुरुवात झाली. पुन्हां येऊन विचारपूस करणें हें तिचें उरलेलें अर्धें. यंदा ज्या मुलामुलींस आम्ही निरोप देत आहों, त्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें, कीं गुण चांगले पडोत वा वाईट, शाळेचें दार त्यांस उघडें आहे. आणि महिना लोटून कांहीं कळलें नाहीं, तर त्यांच्या दारावर थाप मारण्यास आम्हीच येऊं.